काकांचा हौद आणि मेंदूतल्या दरजा

प्रिय दत्ता,

परवा रात्री तुझा फोन आला तेव्हा मी नाईटला होतो, मशीनवर पेशंट होता म्हणून धड बोलता आलं नाही. पण काकांच्या पक्षाघाताबद्दल आणि गुठळी विरघळवायच्या त्या इंजेक्शनबद्दल फोन ठेवताना तू जे म्हणालास ते डोक्यातून जाईना. "सही मी केली रे त्या इंजेक्शनच्या कागदावर, नसती केली तर मेंदूत रक्त आलं नसतं." दोन दिवस हेच घोळतंय. हे फोनवर सांगण्यासारखं नाही म्हणून लिहायला बसलोय. लांबेल, पण सगळं वाच.

मी काही डॉक्टर नाही हे तुला माहितीये. चौदा वर्षं सीटीच्या खोलीत काढली आणि आमच्या रेडिओलॉजीच्या मॅडम रात्री जरा निवांत असल्या की एकेक स्कॅन समजावून सांगतात, त्यातून जे कळलं ते लिहितोय.

आपण नववीत होतो तेव्हा काकांनी आमच्या मळ्यातला दगडी हौद बांधला होता, आठवतं? दगड लावून झाले की ते दरजा, म्हणजे दगडांमधल्या फटी, भरायला बसायचे. थापीच्या टोकाने माल आत दाबायचा, वरनं अंगठा फिरवायचा, कुठे बारीक चीर राहिली की परत उकरून भरायची. आपण कंटाळून जायचो. तेव्हा म्हणाले होते, "दगड काय कुणीबी लावंल, पानी दरजंतनं जातंय." मेंदूतल्या रक्तवाहिन्यांचं अगदी असंच आहे बघ.

हातापायातल्या बारीक रक्तवाहिन्यांच्या भिंती जरा सैल असतात, पेशी-पेशींमधून पाणी आणि बारीकसारीक गोष्टी आतबाहेर होतात, आणि तिथे ते चालतं. मेंदूत नाही चालत. तिथे रक्तवाहिनीच्या भिंतीतल्या पेशी एकमेकींना इतक्या घट्ट शिवलेल्या असतात की मधून काही सुटत नाही. ती शिवण क्लॉडिन, ऑक्लुडिन अशा प्रोटीनची असते, म्हणजे आपल्या भाषेत दरजेतला माल. त्याच्या बाहेर एक पातळ अस्तर, अस्तराला बिलगलेल्या पेरिसाइट नावाच्या पेशी, आणि त्याच्याही बाहेरून मेंदूतल्या दुसऱ्या पेशींनी आपले पाय पसरून सगळं लपेटलेलं. ऑक्सिजन सहज आत जातो, साखरेला आत न्यायला वेगळी दारं आहेत, बाकी बहुतेकांना बंदी. याला ब्लड ब्रेन बॅरिअर म्हणतात. १८८५ मध्ये जर्मनीत पॉल एर्लिख प्राण्यांच्या रक्तात रंग सोडून बघत होते, सगळं शरीर रंगलं आणि मेंदू तेवढा कोरा राहिला. मग १९१३ मध्ये त्यांच्याच शिष्याने, एडविन गोल्डमनने, उलटं करून बघितलं, रंग मेंदूच्या पाण्यात सोडला, तर मेंदू रंगला आणि बाकी शरीर कोरं. म्हणजे मधे भिंत आहे हे नक्की झालं. पण ती नेमकी कुठे आहे, तर याच शिवणीत, हे इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली दिसायला १९६७ उजाडलं. मला हे वाचताना काकांचा अंगठाच दिसत होता.

आता त्या दिवशीचं. पावणेसातला काकांच्या हातातून चहाचा कप सुटला, तोंड वाकडं झालं, शब्द येईना. म्हणजे डाव्या बाजूच्या मोठ्या रक्तवाहिनीत गुठळी अडकली होती, कारण डावा मेंदू उजवा हात चालवतो आणि बहुतेकांचं बोलणंही तिथेच असतं. अशी मोठी वाहिनी बंद झाली की मिनिटाला सरासरी १९ लाख मेंदूपेशी मरतात असा हिशोब आहे. रक्त थांबलं की पेशींना इंधन नाही, इंधन नाही म्हणजे आतलं मीठ बाहेर काढणारे पंप बंद, मग मीठ आत आणि मिठामागे पाणी आत, पेशी फुगायला लागतात. ही पहिली सूज.

पण दत्ता, त्या गुठळीने उपाशी ठेवलं ते फक्त मेंदूला नाही. भिंतीच्या पेशी पण त्याच रक्तावर जगतात. हीच गोष्ट लोकांच्या लक्षात येत नाही, आणि तुझ्या प्रश्नाचं उत्तर इथेच आहे. इंजेक्शनची बाटली फोडायच्या आधीपासून भिंत खराब व्हायला लागलेली होती. पहिल्या काही तासांत त्या पेशी आतून आखडतात आणि शिवण ताणली जाते. बाहेरच्या पेरिसाइट पेशी तर आवळून धरतात आणि तशाच आवळलेल्या अवस्थेत मरतात, त्यामुळे गुठळी निघाली तरी काही बारीक वाटा बंदच राहतात. मग रक्तातल्या पांढऱ्या पेशी धावून येतात मदतीला, पण त्यांच्याकडे एमएमपी-९ नावाचं एक एन्झाइम असतं, ते त्या अस्तरालाच कुरतडतं. दरजेतला माल गेला, मागचं अस्तर गेलं, आता भिंत कसली ती.

मग रक्तातली प्रोटीनं मेंदूत झिरपतात आणि त्यांच्यामागोमाग पाणी. ही दुसरी सूज, आणि ही हळूहळू चढते, साधारण तिसऱ्या ते पाचव्या दिवशी सगळ्यात जास्त असते. तू विचारलंस ना, पहिल्या दिवशी संध्याकाळी काकांनी हात उचलला, काकूंचं नाव घेतलं, मग तिसऱ्या दिवशी असे गुंगीत का गेले, कुणी काही चुकीचं दिलं का? कुणी काही दिलं नाही रे. पोट सुजलं तर पुढे येतं, पाय सुजला तर जाड होतो, पण कवटी हाडाची, तिथे सुजेला जागाच नाही, मग ती शेजारच्या चांगल्या भागाला दाबते. मॅनिटॉलच्या बाटल्या चालू होत्या त्या हे पाणी ओढून काढायला.

आणि आता इंजेक्शन. खोटं सांगणार नाही, त्याचा वाटा असतो. ते गुठळी विरघळवतं, पण तेच औषध या भिंतीलाही सैल करतं, आणि दुबळ्या भिंतीत अडवलेलं रक्त एकदम सोडलं की काही ठिकाणी ते बाहेर येतं. अमेरिकेत १९९५ मध्ये ६२४ पेशंटवरचा मोठा अभ्यास आला, त्यावरूनच हे इंजेक्शन जगभर सुरू झालं. त्यात इंजेक्शन दिलेल्यांपैकी ६.४ टक्के लोकांना त्रास होण्याइतका रक्तस्राव झाला, न दिलेल्यांत ०.६ टक्के. हा आकडा बघून कुणीही घाबरेल. पण त्याच अभ्यासातलं पुढचं पण वाच, तीन महिन्यांनी मृत्यू इंजेक्शनवाल्यांत १७ टक्के आणि न दिलेल्यांत २१ टक्के, आणि जवळजवळ पूर्ण बरे होण्याची शक्यता इंजेक्शनवाल्यांत किमान ३० टक्क्यांनी जास्त. रक्तस्राव धरूनसुद्धा.

म्हणून तर साधारण साडेचार तासांची मर्यादा धरतात. जितका उशीर तितकी भिंत ठिसूळ, मग फायद्यापेक्षा रक्तस्रावाची भीती मोठी होते. तू काकांना जीपमध्ये घालून साडेआठला पोचवलंस आणि सव्वानऊला इंजेक्शन गेलं होतं, म्हणजे अडीच तास. आमच्याकडे लोक दुपार करून येतात, आधी तेल चोळून बघतात, कुणी म्हणतं झोपू द्या, उठल्यावर बरं वाटेल. तू यातलं काहीही केलं नाहीस.

ती सिस्टर दर पंधरा मिनिटांनी बीपी घेत होती म्हणून तू चिडला होतास, माणसाला झोपू पण देत नाहीत म्हणून. त्याचं कारणही भिंतच. इंजेक्शननंतर २४ तास बीपी १८०/१०५ च्या आत ठेवावं लागतं, वर गेलं तर त्या सैल दरजांवर जोर येतो. काकांची शुगर त्या दिवशी २८० होती, वाढलेली शुगर पण ही भिंत अजून कमजोर करते. काकांचं हे दुखणं जुनं आहे, तुझ्या सहीच्या कितीतरी आधीचं.

तू फिल्म खिडकीला धरून फोटो पाठवलेस ते मी मॅडमना दाखवले. मेलेला भाग काळपट दिसतोय आणि त्यात पांढरे बारीक ठिपके, ते रक्त. एक मोठा गोळा नाहीये, मेलेल्या भागातच शिंतोडे उडाल्यासारखं आहे. मॅडम म्हणाल्या असे ठिपके बऱ्याचदा वाट परत उघडल्याची खूण असतात, आणि नुसत्या ठिपक्यांनी सहसा पेशंट बिघडत नाही. काका गुंगीत गेले ते सुजेने. आणि सूज उतरल्यावर शुद्धीवर आले, तुला ओळखलं.

ही भिंत परत भरते, पण वेळ घेते. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात डाय देऊन स्कॅन केला तर तो भाग चमकतो, म्हणजे अजून झिरपतंय. तिथे नव्या वाहिन्या फुटतात त्याही सुरुवातीला कच्च्या असतात, ताज्या मालासारख्या. म्हणून सांगतो, काकांची बीपीची गोळी एक दिवस पण चुकवू नकोस, मशीन घेऊन ये आणि सकाळ-संध्याकाळ वहीत लिहून ठेव. रक्त पातळ करायची गोळी डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय स्वतःच्या मनाने चालू किंवा बंद करायची नाही, शेजारच्यांचं ऐकून तर मुळीच नाही. आणि फिजिओथेरपीवाला दोन दिवस आला नाही म्हणून बसू नकोस, काकांचा उजवा हात तू स्वतः हलवत राहा, जसा त्याने दाखवलाय तसा.

रविवारी येतोय मी, पहिल्या एसटीने. काकूंना सांग, जेवण साधंच ठेवा, मला फक्त काकांजवळ बसायचंय. पहिल्या दिवसाची फिल्म आणि तिसऱ्या दिवसाची फिल्म, दोन्ही काढून ठेव, दारात उजेडाला धरून तुला बोट ठेवून दाखवतो, भिंत कुठे गेली होती ते.

तुझाच,
बाळू