काकू, माझं पथ्य इतकं मनापासून सांभाळलंत म्हणून

ती. काकू,
सादर नमस्कार.

हे पत्र तुमच्यासाठी आहे, पण मुद्दाम सगळ्यांना वाचता येईल असं लिहिते आहे. पथ्य सांभाळत दुसऱ्याच्या घरी जेवायला जाणारे पुष्कळ असतात, आणि त्यांना बोलावणारेही.

तुमच्या मुलीचं आमंत्रण आलं तेव्हाच मी तिला सांगितलं होतं, मला सीलिॲक आहे, ग्लूटेन (गव्हासारख्या धान्यांतलं प्रथिन) चालत नाही. त्यावर तुम्ही स्वतः फोन केलात. "काय चालत नाही ते कळलं, आता काय काय चालतं ते सांग." किती हायसं वाटलं! नुसती नकारांची यादी ऐकून कुणालाही स्वयंपाक सुचत नाही. भात, बटाटे, डाळी, अंडी, भाज्या, दूध असं मी सांगत गेले आणि तुमचा निम्मा बेत फोनवरच ठरला.

मग तुम्ही सरळ विचारलंत, हे आवडीचं, श्रद्धेचं की आजाराचं? त्यामुळे मलाही नीट सांगता आलं. सीलिॲक या आजारात गहू, जव आणि राय (गव्हासारखंच एक धान्य) यांतल्या ग्लूटेनमुळे माझ्या लहान आतड्याला इजा होते. त्यावर औषध नाही, जन्मभराचं पथ्य हाच उपाय. ग्लूटेन-फ्री म्हणवणाऱ्या पदार्थात किलोमागे २० मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लूटेन नसावं, असं कोडेक्सचं, म्हणजे अन्नाची आंतरराष्ट्रीय मानकं ठरवणाऱ्या संस्थेचं, मानक आहे. पिठाचा चमचा माझ्या भाजीत बुडवून चालत नाही तो यामुळेच. दुसऱ्या कुणाचं गणित वेगळं असेल. लॅक्टोजचा (दुधातल्या साखरेचा) त्रास असलेल्या अनेकांना थोडं दूध पचतं; शेंगदाण्याची तीव्र ॲलर्जी असलेल्याच्या मात्र कणभर दाणाही जिवावर बेतू शकतो. आपली मर्यादा नेमकी कुठे आहे हे सांगणं पाहुण्याचंच काम, आणि तेही आमंत्रण स्वीकारतानाच. पान वाढल्यावर नव्हे. "आवडत नाही" आणि "चालत नाही" यांची सरमिसळही करू नये. नावडत्या भाजीला ॲलर्जी म्हणणाऱ्यांमुळे खऱ्या ॲलर्जीवर कुणी विश्वास ठेवत नाही, याचा मला खरोखर राग येतो.

मी हाताखाली मदतीला म्हणून लवकर आले, तर माझा स्वयंपाक तुम्ही आधीच उरकत आणला होता. पिठाचा डबा तोवर उघडलाही नव्हता. तळायला कोरं तेल काढलं होतंत. लाकडी डाव हातात घेतलात, त्याच्या चिरांत बोट फिरवून पाहिलंत आणि तो बाजूला ठेवून स्टीलचा घेतलात. हे मी सांगितलेलं नव्हतं, तुमचं तुम्हीच ताडलंत. सोया सॉसच्या बाटलीवरची बारीक अक्षरं आपण दोघींनी मिळून वाचली. घटकांत गहू निघाला (या सॉसमध्ये तो बहुधा असतोच), तशी बाटली कपाटात परत गेली. तुमच्या कपाळावर आठी नाही, की "आता काय करायचं बाई" नाही.

जेवताना मला सगळ्यांच्या आधी वाढलंत, म्हणजे डावांची अदलाबदल व्हायला नको. एका पाहुण्यांनी मला आग्रह सुरू केला, तेव्हा "तिला पथ्य आहे" एवढंच म्हणालात आणि लगेच त्यांच्या प्रवासाची चौकशी केलीत. माझ्या आतड्यावर चर्चा रंगली नाही, याबद्दल तुमची सर्वांत जास्त ऋणी आहे. पाहुण्यानंही एवढं पाळावं असं मला वाटतं: आपल्या पथ्यावर भर जेवणात व्याख्यान देऊ नये, दुसऱ्याच्या ताटावर शेरे तर नाहीच नाही.

मी एक गोड पदार्थ करून आणला, तो तुम्ही "आण, पण सगळ्यांना पुरेल इतका आण" म्हणालात म्हणून. पथ्याच्या माणसानं न विचारता स्वतःपुरता डबा नेला तर काही यजमानांच्या मनाला लागतं, काहींना उलट सुटल्यासारखं वाटतं. विचारून घेतलेलं बरं.

आता माझी पाळी. तुम्ही आणि काका माझ्याकडे जेवायला या. मीठ घालण्याआधी तुम्ही स्वतःसाठी वाटीभर भाजी वेगळी काढलीत, ते मी पाहिलं होतं. रक्तदाबामुळे असेल तर तसं सांगा, आणखी काही वर्ज्य असेल तर तेही. काकांचंही विचारून ठेवा. मी बाजारहाट करायच्या आधी हे कळलं म्हणजे झालं.

तुमची,
लेकीची मैत्रीण