मालदीवचा तंबाखू कायदा फक्त टुरिस्टचा विषय नाही

संपादक साहेब, नमस्कार,

मालदीवच्या तंबाखूबंदीबद्दल तुमच्या पेपरात आलेलं वाचलं. सगळा भर हनिमूनवाल्यांची गैरसोय होणार यावरच होता, म्हणून राहवलं नाही. मी मूळचा राजापूरचा, सध्या मालदीवची राजधानी मालेजवळच्या हुलहुमाले बेटावर एका गेस्टहाउसचे हिशोब बघतो. हा कायदा आधी इथल्या पोरांसाठी आहे हो, टुरिस्टचं नंतर.

१ जानेवारी २००७ ला किंवा त्यानंतर जन्मलेल्या कोणालाही तंबाखू विकायची नाही आणि त्यानेही ती घ्यायची नाही, उद्या तो चाळीस वर्षांचा बाप्या झाला तरी नाही. १ नोव्हेंबर २०२५ पासून हे सुरू झालं आणि अख्ख्या देशात असा नियम लागू करणारा हा जगातला पहिला देश. न्यूझीलंडने २०२२ मध्ये असाच कायदा पास केला होता, पण सरकार बदललं आणि लागू व्हायच्या आधीच २०२४ मध्ये तो रद्द केला. तिथल्या नव्या सरकारला टॅक्स कमी करायला सिगरेटचा पैसा हवा होता, हे वाचून फार वाईट वाटलेलं.

इथे गरज किती होती ते सांगतो. २०२१ च्या सरकारी पाहणीत १५ ते ६९ वयातली साधारण पाव माणसं ओढणारी निघाली आणि १३ ते १५ वयाच्या मुलांमध्ये तंबाखूचं प्रमाण त्याच्या जवळपास दुप्पट. म्हणजे बापापेक्षा पोरगं पुढे! संध्याकाळी मालेत कुठल्याही होटाबाहेर (चहा आणि माशाची भजी मिळणारं दुकान) बघा, फुटबॉल खेळून आलेली पोरं स्कूटरला टेकून उभी असतात, एका हातात चहाचा कप आणि दुसऱ्या हातातली सिगरेट तिघांत फिरत असते, ओठावर मिसरूडसुद्धा नीट फुटलेलं नसतं.

आता हे जमेल का? माझ्या मते आपल्यापेक्षा इथे जमायला सोपं आहे. तंबाखू इथे पिकत नाही, प्रत्येक पाकीट जहाजाने नाहीतर विमानाने येतं आणि कस्टम्सच्या हाताखालून जातं. नोव्हेंबर २०२४ मध्ये एका सिगरेटवरची ड्युटी ३ रुफियावरून (इथलं चलन) ८ रुफिया केली तेव्हा माझ्याबरोबर काम करणाऱ्या एकाने दिवसाचं पाकीट अर्ध्यावर आणलं, खिशाला चटका बसला की माणूस ऐकतो. चोरटा माल येणार ही भीती खरी आहे, तिथे कस्टम्सने ढिलाई करता कामा नये.

खरी परीक्षा मात्र लांबच्या छोट्या बेटांवर आहे. तिथे दुकानदाराला आयडी बघायची गरजच नाही, पोराचा जन्म कधीचा ते सगळ्या बेटाला पाठ असतं, पण तोच दुकानदार पोराचा मामा नाहीतर काका निघतो आणि बहिणीच्या पोराला नाही कसं म्हणायचं. वयात न बसणाऱ्याला विकलं तर ५०,००० रुफिया दंड आहे, तो दोन-चार ठिकाणी खरोखर वसूल झाला तरच मामा नाही म्हणेल. आपल्याकडे २०१२ पासून गुटखाबंदी आहे, २०२० पासून सुटी सिगरेट विकायला बंदी आहे, तरी टपरीवर दोन्ही मिळतं ना? दंड कागदावरच राहिला की असं होतं.

आणि टुरिस्टला सूट द्या म्हणणाऱ्यांना माझा पूर्ण विरोध आहे. रिसॉर्टमध्ये इथलीच पोरं कामाला असतात, पाहुण्याला चालतं आणि आपल्याला नाही हे रोज बघून ती नियम का पाळतील?

एक विनंती, तुमच्या पर्यटन पुरवणीत मालदीववर लिहाल तेव्हा ही २००७ ची तारीख ठळक छापा, आणि व्हेप (ई-सिगरेट) कुठल्याच वयाच्या माणसाला चालत नाही, वापरताना सापडलं तर ५,००० रुफिया दंड आहे, तेव्हा मुंबईहून निघतानाच घरी ठेवून या हेही लिहा.

आपला,
एक वाचक, हुलहुमाले