उपग्रहाचे स्वतःचे चुंबकत्व

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद.

चुंबकावरणाचा, म्हणजे पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राचा अंमल असलेल्या अवकाशातल्या प्रदेशाचा, अभ्यास करणाऱ्या उपग्रहाचा तू पाठवलेला आराखडा मी दोनदा वाचला. उपकरणांची निवड विचारपूर्वक केलेली आहे; मात्र उपग्रहाच्या स्वतःच्या चुंबकत्वाला तू शेवटच्या पानावर जागा दिली आहेस, ती पहिल्या पानावर हवी.

भूपृष्ठावर पृथ्वीचे चुंबकीय क्षेत्र सुमारे २५,००० ते ६५,००० नॅनोटेस्ला (चुंबकीय क्षेत्र मोजण्याचे एकक) असते. सूर्याच्या बाजूला, साधारण दहा पृथ्वीत्रिज्यांवर, जिथे चुंबकावरणाची सीमा असते, तिथे ते काही दशक नॅनोटेस्लांवर येते. इतक्या क्षीण क्षेत्रात झडपांमधील चुंबक, बॅटरीच्या तारा आणि सौर पॅनेलमधील प्रवाह यांचे क्षेत्रही मापनात मिसळते. म्हणून मॅग्नेटोमीटर, म्हणजे चुंबकीय क्षेत्राचा मापक, लांब बूमच्या (उपग्रहातून बाहेर काढलेल्या दांड्याच्या) टोकाशी बसवतात. द्विध्रुवाचे, म्हणजे दोन ध्रुव असलेल्या छोट्या चुंबकाचे, क्षेत्र अंतराच्या घनाच्या व्यस्त प्रमाणात घटत असल्याने अंतर दुप्पट केले की हा उपद्रव आठव्या हिश्शावर येतो. त्याच बूमवर थोडे अलीकडे दुसरा मापक अवश्य ठेव, कारण दोघांच्या नोंदींतील फरकावरून उपग्रहाचा वाटा वेगळा काढता येतो. पॅनेलच्या परतीच्या तारा मात्र सेलच्या ओळींमागूनच ने, म्हणजे उलटसुलट प्रवाहांची क्षेत्रे एकमेकांना रद्द करतील. आमच्या एका उपग्रहात बिजागरीतली एक पोलादी स्प्रिंग जुळणीनंतर सापडली, आणि तेवढ्यासाठी सगळा बूम पुन्हा उघडावा लागला. ते दिवस मी विसरलेलो नाही.

उपग्रह स्वतःभोवती फिरता ठेवण्याचा तुझा निर्णय मला मनापासून आवडला. चुंबकावरणाच्या अभ्यासासाठी नासाने २०१५ मध्ये सोडलेल्या एमएमएस मोहिमेचे चारही उपग्रह मिनिटाला सुमारे तीन फेऱ्या घेतात. त्या फिरण्यामुळेच विद्युत क्षेत्र मोजणाऱ्या साठ-साठ मीटरच्या तारा ताठ राहतात, आणि फिरण्याच्या अक्षाला लंब असलेल्या दोन चुंबकीय मापनांतली शून्याची चूकही (क्षेत्र नसतानाही मापक दाखवतो तो आकडा) आपोआप उघड होते. अक्षाच्या दिशेची चूक तशीच राहते, तिच्यासाठी वेगळी सोय लिही. बाह्य पृष्ठभाग विद्युतवाहक ठेव, नाहीतर उन्हात आणि सावलीत वेगवेगळा प्रभार साचेल.

एकच उपग्रह असल्यामुळे दिसलेला बदल जागेचा की काळाचा, हे तुला सांगता येणार नाही. चार उपग्रह चतुष्फलकाच्या (चार त्रिकोणी बाजूंच्या घनाकृतीच्या) कोपऱ्यांवर उडवतात ते याचसाठी. चुंबकीय क्षेत्रावरून प्रवाहघनता काढायला ते जागेनुसार कसे बदलते हे कळावे लागते; तेव्हा उद्दिष्टांच्या पानावर तिचे मापन लिहिले आहेस ते काढून टाक.

पुढच्या पत्रासोबत प्रत्येक भागाच्या चुंबकीय आघूर्णाचा, म्हणजे तो भाग चुंबक म्हणून किती प्रबळ आहे याचा, तक्ता पाठव, त्यात स्क्रूसुद्धा असू देत.

तुझा,
बाबा