सगळ्याला 'हिमकडा कोसळला' म्हणू नका

संपादक साहेब, नमस्कार.

हिमालयात दुर्घटना झाली की आपल्याकडं बातमी ठरलेली, 'हिमकडा कोसळून अमुक ठार'. वाचणाऱ्याला वाटतं २०२१ ला आपल्या पाटणमध्ये आंबेघर-मिरगावला दरड आली तसंच वरून काहीतरी आलं, नशीब. ३ फेब्रुवारी २०१६ ला सियाचीनच्या सोनम चौकीवर खरंच बर्फाची भिंत कोसळली, १० जवान गेले, त्यात आपल्या माण तालुक्यातला एक होता. तिथं तो शब्द बरोबर आहे.

पण ट्रेकर मरतात ते जास्त करून स्लॅबमध्ये, म्हणजे उतारावरचा बर्फाचा अख्खा थर एकदम सुटतो त्यात, आणि तिथं वरून काही पडत नाही, पायाखालचंच सुटतं. रव्यासारख्या मोकळ्या दाण्यांच्या थरावर कडक बर्फाची फरशी ठेवल्यासारखी असते, तिच्यावर माणसाचं वजन पडलं की ती तडकते आणि अख्खा उतार घेऊन निघते. बहुतेक वेळा ती सुटते तीच अडकलेल्या माणसामुळं नाहीतर त्याच्या सोबत्यामुळं. उतार तरी किती, ३० ते ४५ अंश, घरातला जिना साधारण ३० च्या वरच असतो, म्हणजे दिसायला भीतीदायक काहीच नाही. भुसभुशीत बर्फाचा लोट ताशी ३०० किमीपर्यंत जातो. उन्हानं भिजलेला ओला बर्फ हळू येतो पण वजनाला भयंकर, म्हणून तसले उतार दुपारच्या आत ओलांडायचे. आणि मोठी बर्फवृष्टी झाली की पुढचा एक दिवस तरी उतारावर जायचंच नाही, फोटो किती का छान येईनात.

बर्फ थांबला की सिमेंटसारखा आवळतो, हात हलत नाही. पहिल्या १५ मिनिटांत बाहेर काढलं तर बहुतेक जण वाचतात, नंतर गुदमरून जातात. तेवढ्यात हेलिकॉप्टर येत नसतं, काढायचं ते सोबतच्यांनीच, आणि त्याला प्रत्येकाकडं बीकन (गाडलेला माणूस कुठं आहे ते सिग्नलवरून दाखवणारं यंत्र), प्रोब (बर्फात खुपसून माणूस शोधायची लांब काठी) आणि फावडं लागतं.

माझा भाचा फेब्रुवारीत बर्फातल्या ट्रेकला निघालाय. आयोजकांच्या यादीत शूज, कानटोपी, सनस्क्रीन, सगळं आहे, हे तिन्ही नाही. फोन केला तर म्हणाले, काका, गाईडला सगळं माहीत असतं. मी त्याला म्हटलंय, लेखी उत्तर आल्याशिवाय उरलेले पैसे भरू नकोस. साताऱ्यातून दर हिवाळ्यात पोरं जातात, त्यांच्या आईवडलांनीपण हेच विचारावं. आणि पुढची बातमी देताना स्लॅब होता का ओला बर्फ, आदल्या दिवशी किती पडला होता, एवढं तरी छापा.

– एक वाचक, सातारा