‘आढळले नाही’ म्हणजे नेमके काय, ते अहवालावर छापा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आंबिया बहाराचा संत्रा उतरू लागला की वरुड-मोर्शी पट्ट्यातून, आणि पुढे वाळली मिरची निघाली की भिवापूरकडून, शेतकरी कंपन्यांचे नमुने कीटकनाशक अवशेष तपासणीला जातात. अहवालात बहुतेक औषधांपुढे ‘आढळले नाही’ किंवा ‘बीएलक्यू’ (म्हणजे मोजता येण्याच्या किमान पातळीखाली) लिहिलेले असते. तेवढ्यावर सौदा ठरतो. पण हे शब्द कशाच्या आधारावर लिहिले, हे विचारायची पद्धत आपल्याकडे अजून पडलेली नाही.

यंत्र कितीही महागडे असो, ते आपणहून औषध ओळखत नाही. त्या औषधाचा शुद्धता प्रमाणित केलेला नमुना, ज्याला प्रयोगशाळेत सगळे नुसते ‘स्टँडर्ड’ म्हणतात, आधी त्यातून चालवावा लागतो. मालातला अंश मग त्याच्याशी ताडून मोजतात. ज्याचे स्टँडर्ड फ्रीजरमध्ये नाही, ते औषध मालात भरपूर असले तरी अहवालात उतरणार नाही.

शिवाय फवारलेले औषध झाडात तसेच राहत नाही. थायामेथोक्झामचा काही भाग क्लोथियानिडिन होतो, एसिफेटचा मेथामिडोफॉस, डायमेथोएटचा ओमेथोएट. फुलकिड्यांसाठी मारलेल्या फिप्रोनिलपासून फिप्रोनिल सल्फोन तयार होतो. युरोपीय नियमात हे दोन्ही एकत्र धरतात: सल्फोनचा आकडा ०.९६५ ने गुणून फिप्रोनिलमध्ये मिळवायचा. मूळ औषधाचे स्टँडर्ड आहे पण सल्फोनचे नाही, अशा प्रयोगशाळेतून पास झालेली मिरची खरेदीदाराच्या प्रयोगशाळेत नापास होते आणि शेतकरी खोटा ठरतो.

स्टँडर्ड आणले म्हणजे झाले, असेही नाही. उणे २० अंशांतून काढलेली कुपी लगेच उघडली तर हवेतले बाष्प भुकटीवर बसते आणि औषधाबरोबर पाणीही तोलले जाते. कुपी बंदच ठेवून डेसिकेटरमध्ये, म्हणजे हवा कोरडी ठेवणाऱ्या झाकणबंद भांड्यात, खोलीच्या तापमानाला येऊ द्यायची. मग पाच दशांश स्थळे दाखवणाऱ्या तराजूवर किमान १० मिलिग्रॅम तोलून ‘ए’ वर्गाच्या, म्हणजे अचूक मापाच्या, फ्लास्कमध्ये १० मिलिलिटरपर्यंत विरघळवायचे. प्रमाणपत्रावर शुद्धता ९८.५ टक्के असेल तर हे द्रावण १००० नव्हे, ९८५ मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटर धरायचे. तुरीवर सर्रास मारले जाणारे इमामेक्टिन बेंझोएट हे क्षार आहे. त्याच्या १० मिलिग्रॅममध्ये इमामेक्टिन बी१ए (औषधाचा मुख्य घटक) जेमतेम ८.७९ मिलिग्रॅम भरते, म्हणजे गुणक ०.८७९. अवशेष इमामेक्टिन म्हणून द्यायचा असताना हा गुणक विसरला, तर मालात आहे त्यापेक्षा सुमारे १४ टक्के जास्त अवशेष दिसतो.

जुन्या द्रावणाचे दोन धोके आहेत आणि ते एकमेकांच्या उलट दिशेने जातात. द्रावणातले औषध विघटन होऊन ८० टक्क्यांवर आले तर प्रति किलो ०.०८ मिलिग्रॅम असलेला माल ०.१० दाखवतो, चांगला माल नाकारला जाऊ शकतो. याउलट झाकण सैल राहून अॅसिटोन (औषध ज्यात विरघळवले तो द्रावक) उडाला तर द्रावण घट्ट होते आणि मालातला अंश कमी भरतो. आपल्याकडच्या उन्हाळ्यात हे फार लवकर घडते. उपाय साधा आहे: ठेवताना आणि पुन्हा काढताना बाटलीचे वजन करून लेबलवर लिहायचे आणि नवे द्रावण जुन्याशी ताडून पाहायचे. फरक १० टक्क्यांपेक्षा जास्त निघाला तर कारण सापडेपर्यंत ते वापरायचे नाही.

वाळल्या मिरचीचे दुखणे आणखी वेगळे. तिचा रंग आणि तेल अर्कात उतरते व यंत्राचा संकेत दाबते. म्हणून स्टँडर्ड नुसत्या द्रावकात न करता, फवारणी न झालेल्या मिरचीच्या अर्कात करावे लागते. नाहीतर आकडा खऱ्यापेक्षा बराच कमी येतो.

यासाठी दोन मागण्या आहेत. पहिली, प्रत्येक अहवालासोबत तपासलेल्या सर्व औषधांची व त्यांच्या विघटनातून होणाऱ्या घटकांची यादी आणि प्रत्येकाची मोजता येण्याची किमान पातळी छापावी. ज्या औषधाच्या अवशेषाची कमाल मर्यादा त्या पिकासाठी ठरलेलीच नाही, तिथे सर्वसाधारणपणे प्रति किलो ०.०१ मिलिग्रॅम हा निकष लागतो. प्रयोगशाळेची पातळी ०.०५ असेल, तर तिच्या ‘आढळले नाही’ने काहीच सिद्ध होत नाही.

दुसरी, विदर्भासाठी स्टँडर्डचे एक सामायिक भांडार अकोल्याच्या कृषी विद्यापीठात किंवा नागपुरात उभारावे. आज प्रत्येक छोट्या प्रयोगशाळेने एकेका औषधाची महागडी कुपी घ्यायची, त्यातले १० मिलिग्रॅम वापरायचे आणि उरलेल्याची मुदत संपू द्यायची, असे चालते. मग यादीतली महागडी नावे गाळली जातात, आणि नेमके सल्फोनसारखे घटकच त्यात जातात. भांडारातून मिश्र द्रावण गडद काचेच्या बंद अँप्यूलमध्ये (तोंड वितळवून बंद केलेल्या छोट्या कुप्यांत), शीतपेटीत, प्रमाणपत्रासह मिळाले तर खर्च वाटला जाईल. पार्सल एप्रिल-मे महिन्यात बसच्या टपावर मात्र येता कामा नये.

हे होईपर्यंत शेतकरी कंपन्यांनी एवढे तरी करावे. प्रयोगशाळांना मान्यता देणाऱ्या एनएबीएल या राष्ट्रीय मंडळाच्या संकेतस्थळावर प्रयोगशाळेच्या मान्यतेची व्याप्ती पाहता येते. आपले पीक आणि आपली औषधे तिच्यात आहेत का, ते नमुना देण्याआधी तपासावे. संत्रा देताना किमान १० फळे, एकूण किलोभर, न धुता आणि सालीसकट द्यावीत, कारण लिंबूवर्गीय फळांची मर्यादा संपूर्ण फळावर धरतात. सोबत फवारण्यांची तारीखवार यादी जोडावी. त्यात बाटलीवरचे ठळक व्यापारी नाव न लिहिता खाली बारीक अक्षरांत छापलेले तांत्रिक नाव लिहावे. ‘टॉनिक’ म्हणून मारलेल्या, घटक न छापलेल्या बाटल्यांचीही नोंद त्यात हवी.

आपला,
एक अवशेष विश्लेषक, जि. अमरावती