गोल्ड मेडल कोणाला मिळालं ते छापता, कशाला मिळालं ते पण छापा की

संपादक साहेब,
नमस्कार.

मी परभणीत मेस चालवते, कृषी विद्यापीठाच्या पोरापोरींची, २२ वर्षं झाली. तुमचा पेपर मेसवर रोज येतो, पोरं जेवता जेवता वाचतात, त्यावर वरण सांडून ठेवतात, आणि दुपारी भांडी उरकली की मग तो माझ्या हाताला लागतो. पेपरला पत्र लिहायची ही पहिलीच वेळ आहे त्यामुळं शुद्धलेखन तुम्ही बघून घ्या.

मागं तुम्ही पदवीदानाचा फोटो छापला होता. मधी पाहुणे, दोन्ही बाजूला गाऊन घातलेली लेकरं, खाली नावं. डावीकडून चौथा आमच्या मेसचा, दोन वर्षं जेवला माझ्याकडं. त्याचं नाव, गाव, सुवर्णपदक, आणि संपलं. पाहुण्यांचं भाषण मात्र दोन कॉलम, तेच ते, तरुणांनी नोकरी मागणारे नाही तर देणारे व्हावं वगैरे. आता मला सांगा, त्या पोरानं दोन वर्षं केलं काय हे वाचणाऱ्याला कुठून कळणार? मला माहीत आहे, कारण मी त्याला हात धुवायला परत पाठवायची. नखं सगळी हिरवी काळी करून यायचा जेवायला. एक दिवस वैतागून विचारलं, "दिवसभर करतोस तरी काय रे?" तर म्हणला, "काकू, बोंडं फोडतो."

कापसाची बोंडं. प्लॉटमधून २० हिरवी बोंडं तोडायची, एकेक फोडायचं आणि आत गुलाबी अळी आहे का बघायचं, की पुढच्या प्लॉटमध्ये जायचं. अळी एकदम बारीक असताना आत शिरते आणि तिनं पाडलेलं छिद्र बुजून जातं, वरून बोंड ठणठणीत दिसतं, म्हणून फोडल्याशिवाय इलाज नाही. २० मधी २ खराब निघाली की फवारणीची वेळ आली समजायचं. हे त्यानं मला वाटीतली उसळ बाजूला सरकवून, ताटात शेंगदाणे मांडून समजावलं. त्याच्याही आधी फुलातच ओळखता येतं म्हणला, अळी आतून धाग्यानं पाकळ्या बांधून टाकते, फूल उमलतच नाही, त्याला डोमकळी म्हणतात.

माझा भाऊ मानवतकडं कापूस लावतो. २०१७ ला बोंडअळीनं त्याचा सगळा कापूस गेला होता, त्या साली कुणाचा गेला नाही म्हणा. पोरानं हे सांगितलं त्या रात्री मी भावाला फोन लावला तर म्हणतो कसा, "ती मिटलेली फुलं व्हय, ती तर रोज दिसायलीत, मला वाटलं पावसानं मिटलीत." सकाळी उठून बायको लेकरांसकट त्यानं डोमकळ्या तोडल्या, जाळल्या, आणि कामगंध सापळे लावले, म्हणजे मादीच्या वासानं नर पतंग ओढून घेणारे. सापळ्यात सलग तीन रात्री ८-८ पतंग आले की सावध व्हायचं हे पण मीच त्याला फोनवर सांगितलं, मी, जिनं लग्न झाल्यापासून कापसाला हात लावलेला नाही. त्या साली त्याला जास्त माल झाला का, तर ते मी सांगत नाही, पाऊसपाणी दरसाल वेगळं असतं. पण मेसवर जेवणाऱ्या पोराला मी सहज विचारलं म्हणून ही गोष्ट परभणीहून मानवतला गेली. तुमचा पेपर तर मराठवाड्याच्या आठही जिल्ह्यात जातो.

म्हणून म्हणते, आठवड्यातून एकदा अर्धं पान द्या. एक विद्यार्थी, नाहीतर एखादा जुना विद्यार्थी, नाहीतर तिथं संशोधन करणारे सर मॅडम कुणी, आणि त्यांच्याशी नुसत्या गप्पा. यशाचं रहस्य, आईवडिलांचे कष्ट, श्रेय कोणाला, हे नको, ते वाचून वाचून पाठ झालंय. सकाळी उठून करता काय ते विचारा. काय फसलं ते विचारा.

आता दुसरं ऐका. फूड टेकची, म्हणजे अन्न तंत्रज्ञान शिकणारी, एक मुलगी होती, अंबाजोगाईकडची. एका रविवारी म्हणली काकू माझ्याबरोबर कॉलेजला चला, भाकरी खायचीय. मला वाटलं चेष्टा करायली. गेले तर तिथं माझ्यासारख्या दहा-बारा जणी बसलेल्या, पुढ्यात पाच-पाच तुकडे भाकरीचे, आणि तुकड्याला नाव नाही, नंबर, ४१७ का काय, असे तीन आकडी. एक दोन तीन लिहिलं तर माणसाला वाटतं एक नंबर म्हणजे चांगली, म्हणून मुद्दाम आडवेतिडवे नंबर. एक तुकडा खायचा, पाण्यानं चूळ भरायची, मग दुसरा. रंग, वास, चव, मऊपणा, सगळ्याला ९ पैकी मार्क. उभ्या आयुष्यात माझ्या भाकरीला लोकांनी नावं ठेवली, पहिल्यांदा मी दुसऱ्याच्या भाकरीला मार्क दिले.

एका तुकड्याला मी म्हणलं, याच्या पिठाची विरी गेलीय. तर तिथल्या मॅडमनी पेन खाली ठेवलं, म्हणल्या, काय गेलीय? मग मी सांगितलं, पीठ जुनं झालं की विरी जाते, भाकरी थापताना कडंला चिरा पडतात, परातीतून उचलली की तुटते, मग उकळतं पाणी ओतून उकड काढावी लागते. निघालं काय, तो तुकडा खरंच महिनाभर ठेवलेल्या पिठाचा होता, तेच तर त्या तपासत होत्या. त्यांनी मला सांगितलं की ज्वारीत गव्हासारखं पीठ धरून ठेवणारं ग्लुटेन नसतं, गरम पाण्यानं त्यातला स्टार्च चिकट होतो म्हणून भाकरी धरते. म्हणजे जे मी हातानं करत होते त्याचं कारण मला मिळालं, आणि जे त्या मशीनवर मोजत होत्या त्याचा शब्द त्यांना मिळाला. त्या मुलीनं विरी हा शब्द वहीत लिहून घेतला, इंग्रजी स्पेलिंगसकट.

त्यातलं एक पीठ परभणी शक्तीचं होतं. ही ज्वारी आपल्या विद्यापीठानं आणि हैदराबादच्या इक्रिसॅट या संशोधन संस्थेनं मिळून काढली, २०१८ ला आली, हिच्यात लोह आणि झिंक साध्या ज्वारीपेक्षा जास्त आहे. आमच्या पोरींमधी रक्त कमी असणाऱ्या किती असतात ते मला विचारा, पायऱ्या चढून आल्या की धापा टाकतात. ज्वारी खाऊन लगेच लाल होतील असं मी म्हणत नाही, पण माहीत तरी पाहिजे की नाही? विद्यापीठ झालं १८ मे १९७२ ला, म्हणजे बहात्तरच्या दुष्काळातच. माझी आई त्या साली रस्त्याच्या कामावर खडी फोडत होती, सुकडी खात होती, आणि बाहेरून आलेली ती लाल मिलो ज्वारी. ती जाईस्तोवर म्हणायची, ती भाकरी कुत्रं पण खाईना. हे मी त्या मॅडमना सांगितलं तर त्यांनी खुर्ची ओढली आणि अर्धा तास ऐकत बसल्या. ह्याला म्हणतात गप्पा.

जुने विद्यार्थी पण येतात मेसवर, टक्कल पडलेले, बायकोला दाखवायला आणतात की मी इथं जेवायचो. एक गृहस्थ आले, माझ्या मेसच्याही आधीचे, भेंडीची भाजी होती त्या दिवशी. म्हणले परभणी क्रांती माहीत आहे का? मी म्हणलं भेंडीचं बी, पाकिटावर बघितलंय. तर त्यांनी सांगितलं की पूर्वी भेंडीच्या पानांच्या शिरा पिवळ्या पडून अख्खं पीक जायचं, इथल्या लोकांनी जंगली भेंडीचा पुसा सावनी या भेंडीच्या वाणाशी संकर केला, पिढ्यान् पिढ्या निवडत गेले आणि रोगाला दाद न देणारं वाण काढलं, देशभर गेलं ते. ते स्वतः त्या वेळी विद्यार्थी म्हणून प्लॉटवर फुलांना पिशव्या बांधायचे, परागकण दुसरीकडून येऊ नये म्हणून. आपल्या गावाचं नाव भेंडीला आहे आणि मला ते साठीला टेकल्यावर कळायलं. अशी माणसं एकेक करून जायलीत हो, त्यांना आधी गाठा.

एक मात्र सांगते, लिहिताना भडक लिहू नका. एका पेपरनं, नाव घेत नाही, आमच्याच एका पोराचं काम छापलं आणि वर हेडिंग दिलं रामबाण उपाय सापडला. त्यानं बिचाऱ्यानं तीन प्लॉटवर एका हंगामात काहीतरी करून बघितलं होतं, अजून दोन हंगाम बाकी होते. आठ दिवस शेतकऱ्यांचे फोन, औषध कुठं मिळतं, कितीला मिळतं. जेवण सोडून बाहेर जाऊन माफी मागायचं. तेव्हापासून आमची पोरं पत्रकार म्हणलं की गप्प बसतात. छापायच्या आधी त्याला एकदा वाचून दाखवा, एवढंच.

आणि फक्त मेडलवाले धरू नका. खरं सांगायचं तर माझ्याकडची अर्धी पोरं एका हातानं थिसिस आणि दुसऱ्या हातानं एमपीएससी करतात, कोणी बँकेत ॲग्री ऑफिसर झालं, एकानं जिंतूरकडं कृषी सेवा केंद्र टाकलं, तो म्हणतो शेतकरी मला जे विचारतो त्यातलं निम्मं कुठल्याच थिसिसमधी नाही. त्याच्याशी बोला की. नांदेडचं विद्यापीठ आहे, संभाजीनगरचं तर १९५८ पासून आहे, तिथं पण कोणी ना कोणी रोज काहीतरी तपासत, खोदत, मोजत असणारच, आणि आम्हाला फक्त पेपर फुटला, निकाल रखडला, आंदोलन झालं एवढंच कळतं. ते पण छापा, छापलंच पाहिजे, पण तेवढंच नको.

त्या बोंडंवाल्या पोरानं जाताना थिसिसची एक प्रत दिली, काळं कव्हर, वर सोनेरी अक्षरं, सगळी इंग्रजी. पहिल्या पानावर ज्यांचे आभार मानतात तिथं मेसवाल्या काकू असं लिहिलंय म्हणे, त्यानंच बोट ठेवून दाखवलं. पुढची पानं मला कळत नाहीत. पण ताटात मांडलेले ते शेंगदाणे अजून लक्षात आहेत, तसं तुमच्या माणसानं लिहावं.

तुमचा बातमीदार पाठवायचा असला तर रात्री साडेआठच्या पुढं पाठवा, तेव्हा दुसरी पंगत बसते, सीनियर पोरं त्यात असतात आणि त्यांना घाई नसते. रविवारी संध्याकाळी मेस बंद.

आपली,
एक मेसवाली काकू, परभणी
(नाव छापू नका, पोरं चिडवतात)