ब्रँड वाचवायला निघालेल्या ग्राहकांसाठी

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

कपड्यांचा एखादा नावाजलेला ब्रँड डबघाईला आल्याची बातमी छापून आली, की त्याच्या जुन्या गिऱ्हाइकांची धावपळ सुरू होते. कोणी गिफ्ट कार्डं घेऊन ठेवतं, कोणी सेलमधून चार शर्ट उचलतं. ब्रँडला आपण हात दिला, असं दोघांनाही वाटतं. भावना खरी असते, हिशेब मात्र कोणी मांडलेला नसतो.

आधी सेल. समजा शर्टाची छापील किंमत 100 आणि कापड, शिलाई, वाहतूक मिळून त्याला 40 लागले. पूर्ण किमतीला विकला तर दुकानभाडं, पगार आणि व्याज भागवायला 60 सुटतात. 30 टक्के सूट दिली तर सुटतात 30. भाडं काही अर्ध्यावर येत नाही, त्यामुळे तेवढीच रक्कम उभी करायला दुप्पट शर्ट खपावे लागतात. दुप्पट शर्टांसाठी कापडात पैसे आधी घालावे लागतात, आणि अडचणीतल्या कंपनीकडे नेमके तेच नसतात. हंगाम सरल्यावर पडून राहिलेला माल सवलतीत घेणं वेगळं. त्यात कंपनीचे गोदामात गोठलेले पैसे मोकळे होतात, नफा नसला तरी. ऐन हंगामातला माल मात्र ज्याला खरंच मदत करायची आहे त्याने छापील किमतीला घ्यावा, आणि तोही पुढच्या काही महिन्यांत अंगावर चढणार असेल तरच. ऑनलाइन तीन साइज मागवून दोन परत पाठवण्याची सवय असेल तर या काळात आवरावी. जाण्यायेण्याचा वाहतूकखर्च बहुधा कंपनीच्या अंगावर पडतो आणि परत आलेला शर्ट रॅकवर लागेपर्यंत बऱ्याचदा हंगाम उलटलेला असतो.

कंपनी किती खोलात आहे हे ताळेबंदाआधी रॅक सांगतो. पुढच्या हंगामाच्या मालाची ऑर्डर सहा-नऊ महिने आधी जाते आणि पुरवठादार सहसा 60 ते 90 दिवसांच्या उधारीवर माल देतात. ही उधारी बुडाली तर भरपाई मिळावी म्हणून अनेक पुरवठादार तिचा विमा उतरवतात. विमा कंपनीने त्या ब्रँडवरचं संरक्षण काढून घेतलं, की पुरवठादार आगाऊ रोकड मागतो. मग ऑर्डरी कापल्या जातात आणि आधी संपतात ते मधले साइज, कारण खप त्यांचाच जास्त. ऐन हंगामात रॅकवर फक्त सर्वांत लहान आणि सर्वांत मोठा साइज लटकत असेल, आणि दोन-तीन आठवडे तेच चित्र राहिलं, तर समजावं की माल येणं अडलं आहे.

आता गिफ्ट कार्ड. गिफ्ट कार्ड घेणं म्हणजे कंपनीला बिनव्याजी, बिनतारण कर्ज देणं. कंपनी दिवाळखोरीत गेली की तारण घेतलेल्या बँका आधी, मग प्रक्रियेचा खर्च, कामगारांची देणी, कर, असा क्रम बहुतेक ठिकाणी थोड्याफार फरकाने असतो. कार्डवाला रांगेच्या शेपटाशी. न्यायालयाच्या संरक्षणाखाली दुकानं चालू राहिली तर कार्डं काही आठवडे स्वीकारली जातात, मग एखाद्या तारखेला बंद होतात. कधी अटही असते, की कार्डाच्या दुप्पट खरेदी केली तरच ते चालेल. म्हणून घरात पडलेलं कार्ड आणि साठलेले पॉइंट बातमी आली त्याच आठवड्यात वापरावेत. नवीन कार्ड घेऊ नये, भेट द्यायलाही नाही. माप देऊन शिवायला टाकलेल्या कपड्याचे आगाऊ पैसे द्यावेच लागले तर क्रेडिट कार्डाने द्यावेत. माल मिळाला नाही तर बँकेकडे रक्कम परत मागायला निदान वाव राहतो.

दुकान बंद होतानाचा सेल हा आणखी वेगळा प्रकार. तो बहुतेकदा ब्रँड चालवत नाही, माल काढून देणारी दुसरी कंपनी चालवते. आधी सवलतीत चाललेल्या वस्तू पुन्हा छापील किमतीवर नेऊन त्यावर 10-20 टक्के सूट लावली जाते, त्यामुळे पहिल्या आठवड्यात काही कपडे आधीपेक्षा महाग पडतात. बाहेरचा हलका मालही मिसळलेला असू शकतो. लेबलची वीण, हँगर, टॅगची छपाई जुन्याशी ताडून पाहावी. विकलेला माल परत घेत नाहीत. याच सुमारास 80-90 टक्के सुटीच्या नकली वेबसाइटही उगवतात.

निष्ठेची खरी गल्लत पुढे होते. दिवाळखोरी म्हणजे ब्रँड संपला असं नाही. जे. क्रू ही अमेरिकेतली कपड्यांची कंपनी मे 2020 मध्ये दिवाळखोरीसाठी न्यायालयात गेली, कर्जाचं भागभांडवलात रूपांतर झालं, म्हणजे कर्ज देणारेच मालक झाले, आणि त्याच सप्टेंबरात ती बाहेर आली. उलट 2021 मध्ये असॉस या ऑनलाइन कपडे विकणाऱ्या ब्रिटिश कंपनीने टॉपशॉप या ब्रिटिश ब्रँडचं नाव आणि माल घेतला, दुकानं घेतली नाहीत. अमेरिकन अपॅरल लॉस एंजेलिसमध्ये कपडे शिवण्यासाठी ओळखली जायची. 2017 मध्ये गिल्डन या कॅनडातल्या कपडे उत्पादक कंपनीने तिचं नाव घेतलं, दुकानं बंद झाली आणि उत्पादन मुख्यतः मध्य अमेरिकेत गेलं. नाव तेच, शिवणारे हात दुसरे.

म्हणून नव्या मालकाचा पहिला शर्ट हाती आला की जुन्या शर्टाशेजारी पालथा करून ठेवावा. बाजूच्या शिवणीवर एका इंचात टाके मोजावेत. जुन्यात 18-20 असतील आणि नव्यात 10-12, तर शिलाईचा वेळ वाचवला आहे. बटणामागचा सुटा धागा हलकेच ओढावा. साखळी टाक्याने लावलेलं बटण एका धाग्यावर सुटून हातात येतं. आतली माया, म्हणजे शिवणीच्या आत सोडलेलं जादा कापड, किती ठेवली आहे ते पाहावं. ती काटली असेल तर पुढे शर्ट सैल करता येत नाही आणि ताणाच्या जागी शिवण उसवते. कॉलरची परीक्षा दुकानात होत नाही. कॉलर ताठ राहावी म्हणून आत चिकटवलेलं कडक कापड, म्हणजे बक्रम, हलकं असेल तर चार-पाच धुण्यांत कॉलरवर फुगे येतात, कारण कापड आणि बक्रम वेगवेगळे आटतात. छाती, खांदा आणि बाहीची मापं पहिल्या धुण्याआधी लिहून ठेवावीत, नाहीतर शर्ट आटला की मुळातच कापताना लहान ठेवला, हे नंतर कळत नाही.

फरक दिसला तर कंपनीला लिहावं, पण ‘पूर्वीची मजा राहिली नाही’ असं नको. त्या ओळीचं तिथे कोणी काही करू शकत नाही. आतल्या शिवणीतल्या छोट्या लेबलवर बहुधा स्टाइल क्रमांक असतो. जुना आणि नवा असे दोन्ही क्रमांक, साइज, धुण्याआधीचं व नंतरचं माप आणि उसवलेल्या जागेचा फोटो पाठवावा. कोणती स्टाइल ठेवायची आणि कोणती काढायची हे नवा मालक क्रमांकवार विक्री आणि परत आलेला माल पाहून ठरवतो. तक्रारीत तो क्रमांक असेल तर ती त्याच तक्त्यात जाऊन बसते.

आपला,
तयार कपड्यांच्या व्यवसायातील एक वाचक